टाकीत उतरणारी सारजाबाई

सारजाबाईचं तोंड बंद झालं की आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे हातातलं काम टाकून पळत यायचे. चेष्टा नाय करत. ती टाकीत उतरली की वर एक माणूस बसवायचा आणि तिनं आतून एकसारखं बोलत राहायचं, हा आमचा नियम होता. आवाज येतोय म्हणजे बाई ठीक आहे. दुसऱ्या कुणाला जड गेलं असतं. तिला कसलं जड? आतून पार नगरसेवकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मी पुंडलिक, पैठणचा. संभाजीनगरजवळ वाळूजला एका छोट्या शॉपमध्ये उभी हयात वेल्डिंग केलं. सारजाबाई सोयगावकडची. बारा सालच्या दुष्काळात तिच्या गावची विहीर आटली, तशी नवऱ्याला घेऊन इकडं आली. नवरा रिक्षा चालवायला लागला, ही आमच्याकडं झाडू मारायला. शहर तेव्हा चौफेर सुटलं होतं. जिकडं बघावं तिकडं नव्या बिल्डिंगी, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाई अंगानं चिमणीएवढी, पण हात असा साफ की तिनं पुसलेल्या स्टीलमध्ये मला माझ्या नाकातले केस दिसायचे. मालकानं हेरलं आणि तिला टाक्या आतून पुसायच्या कामाला लावलं.

मालक म्हणजे विश्वजित, उस्मानपुऱ्यात राहणारा. बाप कारकून, पोरगा इंजिनिअर. हुशार, पण सदानकदा घाईत. पंधरा साली त्यानं एक ऑर्डर आणली आणि आम्हाला पेढे वाटले. युरोपात लई देश मिळून न्यूट्रॉनचं एक भलंमोठं केंद्र बांधत होते. न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या पोटातला कण. त्याचा झोत एखाद्या वस्तूवर सोडला की ती वस्तू न फोडता आतली ठेवण कळते, मग ते औषध असो नाय तर लोखंड. हे मला विश्वजितनंच समजावलं. त्या झोताच्या वाटेत हवासुद्धा चालत नाय. म्हणून स्टीलची एक उंच टाकी, तोंड वर आणि चिंचोळं, आतून इतकी स्वच्छ की बोटाचा ठसा राहिला तरी माल नापास. ती टाकी आम्हाला करायची होती.

केली. दसऱ्याच्या सकाळी तिकडची तपासनीस बाई येणार होती. त्यांना कुठं ठाऊक दसरा काय असतो? आणि विश्वजितनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तारीख चुकली तर आपण संपलो.

आदल्या दिवशी नवमी. नवमीला आमच्याकडं अवजारं पुजतात. सगळं पुसून सतरंजीवर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाय. पूजा बाईनंच मांडली, आणि मन लावून मांडली. ग्राइंडर, वेल्डिंगची टॉर्च, पाने, टाकीत स्वच्छ हवा फेकायचा पंखा आणि ऑक्सिजनचं मीटरसुद्धा.

आता हे मीटर कशाला, ते ऐका. वेल्डिंगच्या वेळी टाकीत आर्गन गॅस सोडतात. त्याला वास नाय, रंग नाय. हवेपेक्षा जड, त्यामुळं विहिरीत पाणी बसावं तसा तळाशी बसतो. विष नाय तो, पण त्यात श्वास घेतला की छातीत हवाच जात नाय. म्हणून रोज आधी पंखा लावायचा, मग दोरीनं मीटर खाली सोडायचं, आणि मगच बाईनं उतरायचं.

दुपारी पोरं प्रसाद घेऊन घरी गेली. विश्वजितनं टाकीत बॅटरी मारली आणि त्याचा चेहराच उतरला. तळाला काळा डाग. आदल्या संध्याकाळच्या वेल्डिंगचा.

"बाई, एवढं पुसून घ्या," तो म्हणाला.

मी मीटर उचलायला गेलो, तर बाईनं माझ्या हातावर फटका मारला.

"पुजलंय ते, पुंडलिकभाऊ! देवाचं काय भ्याव हाय का नाय तुमाला?"

"रात्रभर टाकी उघडीच होती ना?" विश्वजितनं घड्याळ बघत विचारलं.

"उघडी कुठली? धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिक होतं, टेप लावून," मी म्हणलो.

"प्लास्टिकनं गॅस थोडाच अडतो!"

एक शिकलेला, एक देवभोळी, आणि दोघांचं एकमत झालं. मग माझं कोण ऐकतंय? मी शिव्या घालत टाकीच्या तोंडाशी बसलो.

बाई शिडीनं उतरली. उभी होती तोवर सगळं झ्याक. गल्लीतली कुणी आवडाबाई नळाला मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढती, तिचा पंचनामा चालला होता. मग बाई डाग पुसायला खाली बसली.

"मी म्हणलं तिला, आवडे, तू मोटर लावती... मोटर... तू..."

"बाई?"

"मोटर..."

"सारजाबाई!"

काही नाय. वाकून बघितलं, तर डोकं गुडघ्यावर, फडकं हातात तसंच.

विश्वजित धावत आला आणि त्यानं शिडीवर पाय टाकला. मी त्याची कॉलर धरून मागं ओढला. मालकाची कॉलर! पण आमच्या गावी दुष्काळात विहिरीचा गाळ काढायला एक भाऊ उतरला, तो पडला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंबी वर आले ते चादरीत. मी बघितलंय ते.

"उतरू नका! हवा मारा आधी!"

पंखा पूजेत, त्याचा पाईप काढून ठेवलेला. हाताशी होता फक्त कंप्रेसरचा पाईप, आणि कंप्रेसरच्या हवेत तेल असतं. ते आत गेलं की टाकी पहिल्यापासून शुद्ध पाण्यानं धुवायची. पाणी होतं कुठं? जायकवाडीचा तळ दिसत होता, कारखान्यांचं पाणी तोडलेलं, टँकरवाला फोन उचलत नव्हता. आणि तपासणी उद्यावर.

विश्वजितनं पाईप उचलला आणि थांबला. पापणी लवावी एवढाच, पण थांबला. मी बघितलं. माझ्या डोक्यात सणक गेली.

"बाई मरतीय! मारा की!"

त्यानं पाईप आत खुपसला. हवा घोंघावली. मी गेटवरच्या कडूबाला हाक मारली, त्यानं चेनपुली आणि पट्टा आणला. हवा चालू ठेवून मी श्वास कोंडला आणि उतरलो. त्या तोंडातून जाताना शर्ट फाटला, खांदे सोलून निघाले. बाईच्या काखेतून पट्टा घातला आणि चेनीला हिसका दिला, ओढा म्हणून. चेन खडखडत होती आणि बाईची मान लुळी पडली होती. मला वाटलं, गेली. मेलेली बाई वर काढतोय आपण.

मी शिडीनं मागोमाग वर आलो. कडूबानं बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. एकदा मारलं, दोनदा मारलं. मग ती खोकली, ओकली, डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

"बूट घालून उतरला व्हय आत?"

मी तिथंच भुईवर बसून रडलो. लाज नाय वाटत सांगायला.

दवाखान्यात रात्रभर तिला ऑक्सिजनवर ठेवलं. सकाळी डॉक्टर थांबा म्हणत असताना ही नवऱ्याच्या रिक्षात बसून थेट शॉपवर हजर. तपासनीस आलेली होती, उंच, उन्हानं लालबुंद झालेली बाई. विश्वजितनं तिला सगळं खरं सांगितलं, हे मात्र त्याच्या बाजूनं म्हणायला पाहिजे. टाकी खराब झालीय, धुवायला पाणी नाय, उशीर होणार.

तिनं आधी सारजाबाईची चौकशी केली, तिचा हात हातात घेतला. मग तिच्या फोनमधला एक फोटो आमच्यापुढं धरला. चिखल, क्रेन, काँक्रीटचे खांब. वर मोकळं आभाळ.

"काय म्हणती ती?" सारजाबाईनं विचारलं.

विश्वजित चाचरत बोलला. "म्हणतेय, ही टाकी जिथं बसायची, त्या इमारतीला अजून छप्पर नाही. टाकी तिथं जाऊन वर्षभर गोदामात पडून राहिली असती. तारीख पुढं ढकलायला एक फोन पुरला असता. बाकीच्या देशांतल्या लोकांनी केले. आपणच केला नाही."

पूजेतली फुलं सुकली होती. विश्वजितनं खिशातून आपट्याची पानं काढली, सारजाबाईच्या हातात ठेवली आणि तिच्या पाया पडायला वाकला. मालक कामवालीच्या पाया पडतोय, असं मी तरी कधी बघितलं नव्हतं.

बाईनं पाय मागं घेतले.

"पाया मागनं पडा, दादा," ती म्हणाली. "आधी सांगा. एक फोन का नाय केला?"

विश्वजित वाकलेला होता, तो तसाच राहिला.