मडगार्डावरची पाटी

मोटारसायकलच्या शेपटाला वजन लटकवलेलं दिसलं की माझं डोकं आजही फिरतं. परवाच यवतमाळच्या बसस्टँडसमोर एका तरुणानं नव्याकोऱ्या उंच गाडीच्या अगदी टोकाला लोखंडी कॅरिअर, त्यावर भलामोठा डबा आणि खाली प्लास्टिकच्या मडगार्डाला कसलीशी पाटी ठोकून घेतली होती. ओळखदेख नसताना मी त्याला थांबवलं. म्हटलं, बाबा, हे तुटणार. डबा सीटवर घे, पाटी काढून टाक, बोल्टाखाली रबर घाल. तो हसून म्हणाला, काका, वेल्डिंग पक्कं आहे. जगातल्या मडगार्डांचा ठेका तुम्ही घेतलाय का, असं बायको विचारते. हो, घेतलाय, आणि तो का घेतला हे एकदा सांगून टाकतो.

कापसाच्या संकटाची ती वर्षं. मी जनावरांचा डॉक्टर, नेमणूक पांढरकवड्याच्या बाजूला. घर यवतमाळचं. वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. वरून आलेला कागद आमच्या घरात प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला जायचा. कागदात काय लिहिलंय याचा विचार नंतर, आणि बहुतेक वेळा तोही नाही. हे वळण माझ्याही अंगात पुरतं मुरलेलं होतं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात असायचं. त्यामुळे वरच्या प्रत्येकाला आपण काहीतरी करतोय हे दाखवायची घाई झाली होती. त्या घाईत आमच्या दवाखान्याला एक गाडी मिळाली. उंच, लांब टांगांची, डांबरावर आणि जंगलातल्या पांदणीवर सारखीच पळणारी. गाडी खरंच चांगली होती, तिला मी नाव ठेवणार नाही. मागचं मडगार्ड लांबलचक प्लास्टिकचं, आणि त्यावर एक नाजूक कॅरिअर, रेनकोट बांधण्यापुरतं.

गाडीसोबत कागद आला. योजनेचं नाव लिहिलेली लोखंडी पाटी मागून स्पष्ट दिसेल अशी लावावी. लसीची पेटी कॅरिअरवर ठेवावी. मागची सीट पाहणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांकरता मोकळी ठेवावी. त्या सीटवर माझ्या सगळ्या नोकरीत एकही अधिकारी बसला नाही. दवाखान्यात परिचराची जागाही रिकामी, म्हणजे तोही बसायचा प्रश्न नव्हता. सीट चकचकीत राहिली, आणि बर्फाच्या पिशव्यांनी भरलेली जड पेटी मागच्या चाकाच्याही मागं हवेत लोंबकळत राहिली. तिच्याखाली ती पाटी.

दोन महिन्यांत कॅरिअरच्या मुळाशी चीर पडली. मडगार्डाची बोल्टाजवळची भोकं फाकली. हायवेवर ट्रकांची कामं करणारा एक म्हातारा वेल्डर होता, त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं पेटी हातानं दाबून वरखाली हलवून पाहिली आणि सगळं मडगार्ड कसं फडफडतं ते मला दाखवलं. खड्ड्यात गाडी आपटली की पेटी पाचपट जोरानं खाली बसते, असं तो म्हणाला. लोखंड जोडत गेलो तर वजन वाढेल आणि आज इथं तुटतंय ते उद्या तिथं तुटेल, हेही त्यानंच सांगितलं. पाटी फेका आणि पेटी सीटवर घ्या, एवढाच त्याचा सल्ला होता.

मला ते पटलं होतं, म्हणून राग जास्त येतो. पटलं नसतं तर मी नुसता अडाणी ठरलो असतो. मी विज्ञान शिकलेला माणूस. पण मी त्याला म्हणालो, कागद आहे. त्यानं चिरीवर एक पट्टी मारून दिली.

मग मी वर पत्र लिहिलं. उत्तर महिन्यानं आलं: पाटी काढता येणार नाही, आवश्यक ती मजबुती करून घ्यावी. मी मजबुती करून घेतली. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल. पुन्हा चीर पडली, पुन्हा पट्टी. चार महिन्यांत त्या बिचाऱ्या प्लास्टिकच्या मडगार्डावर बैलगाडीला पुरेल एवढं लोखंड चढलं होतं आणि दर वेळी माझ्याकडे पत्राची प्रत होती.

जंगलाच्या आत कोलाम आदिवासींचं एक पोड होतं, दहाबारा घरांची वस्ती. पेरणीला धड चालेल अशी बैलजोडी सगळ्या पोडात एकच, आणि ती एका बाईची. वयानं माझ्या आईएवढी. आधी तिची पेरणी, मग पाळीपाळीनं सगळ्यांची, अशी तिथली रीत. जोडी पडली की पोड बसलं. पावसाच्या तोंडावर घटसर्पाची साथ येते, गळा सुजून जनावर बघता बघता जातं, म्हणून लस आधी टोचावी लागते. सुईनं जनावर बिघडतं अशी तिथं भीती होती. त्या बाईनंच घरोघर जाऊन लोकांना तयार केलं, दिवस ठरवला आणि मला निरोप पाठवला.

त्या दिवशी जनावरं चरायला न सोडता सकाळपासून बांधून ठेवली होती. लोक कामावर गेले नव्हते. आणि मी पोडाच्या अलीकडच्या नाल्यात उतरताना मागून कडाड असा आवाज ऐकला. वळून बघतो तो कॅरिअर, अँगल, अर्धं मडगार्ड, सगळं मुळापासून उपटून खाली. पेटी दगडावर आपटून उघडी पडलेली. बाटल्या फुटून लस वाळूत मुरत होती, आणि उरलेल्या दोन बाटल्या जूनच्या उन्हात तापलेल्या दगडांवर पडल्या होत्या. थंड ठेवायला बर्फ उरला नव्हता, त्याही कामातून गेल्या.

पाटीला मात्र ओरखडा नव्हता.

आता मी काय केलं ते लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी ती पाटी उचलली, पुसली, आणि सीटवर दोरीनं नीट बांधली. हरवली तर खुलासा द्यावा लागला असता ना! तशीच गाडी पोडात नेली.

लस सांडली हे मी सांगितलं. बाई माझं बोलणं ऐकत गाडीच्या मागं गेली, सीटवरची पाटी बघितली.

"औषध सांडलं अन् पाटी घेऊन आले?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

चार दिवसांत येतो म्हणून मी निघालो. पांढरकवड्याला येऊन वर फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटी शाबूत आहे ना? फोटो पाठवायचेत." मी म्हणालो, आहे. तेव्हा त्यांचा आवाज मोकळा झाला. लसीसाठी खुलाशासह नवं मागणीपत्र पाठवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी मुकाट्यानं खुलासा लिहायला बसलो. रस्ता खराब असल्याने, असं पहिलं वाक्य लिहिलं. रस्ता बिचारा काय बोलणार.

चाराचे अठरा दिवस झाले. मधे पाऊस लागला, नाला भरून वाहू लागला. लस हातात आली त्या दिवशी मी थेट म्हाताऱ्या वेल्डरकडे गेलो आणि कागदाबिगदाचं काही बोललो नाही. त्यानं अँगलचे गाडीला उरलेले तुकडे कापून फेकले. उरलेल्या मडगार्डाच्या चिरीच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर तिथंच थांबते. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून बोल्टांखाली घातलं, वर रुंद वॉशर दिले. पेटी सीटवर घेऊन, दोरी मडगार्डाला न लावता खाली गाडीच्या चेसीला आवळली. म्हणाला, "आता ढुंगनावर ओझं नाई, आता चालते." पाटी मी दवाखान्याच्या कोठीत टाकली. ती कुठं गेली, हे पुढं मला कुणीही विचारलं नाही. फोटोही कुणी मागितले नाहीत.

नाला उतरला तसा मी पोडात पोचलो. तोच उतार, तेच दगड. मागं काही हललंसुद्धा नाही. बाई घरासमोरच होती. एक बैल खुंट्याला होता. शेजारचा खुंटा मोकळा. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं की सहा दिवसांपूर्वी सकाळी त्याचा गळा सुजला आणि दुपारी तो गेला. पोडातली पेरणी निम्म्यावर थांबली होती. जवळच्या गावात कुणी जोडी द्यायला तयार नव्हतं, कारण सगळ्यांचीच पेरणी चालू होती.

ती गाडीजवळ आली. सीटवरच्या पेटीला हात लावून तिनं दोरी ओढून बघितली. पक्की होती.

"किती येळ लागला जी हे बांधाले?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण तिच्यासमोर ते जमलं नाही. अर्धा तास, मी म्हणालो.

तिनं मान हलवली, उरलेल्या बैलाची वेसण धरली आणि मला म्हणाली, "टोचा. अन् याच्या जोडीले आता कोन जुपू, ते बी सांगा."

बाकीची माणसंही तोवर जमली होती, आपापली जनावरं धरून. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी सुई भरून घेतली.