लांबी भरणारे भाऊजी

माझे भाऊजी समुद्रातल्या मोठ्या माशांचे जाणकार आहेत असं निम्मं गाव मानतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ते बोटीत बसलेले नव्हते. धक्क्याला बांधलेली बोट नुसती डुलताना दिसली तरी त्यांना मळमळायचं, आणि ते तोंड फिरवून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, विचारात आहेत.

त्यांचा मूळ धंदा गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचा. ठोकलेली गाडी यायची, पत्रा सरळ व्हायचा आणि उरलेला खड्डा लांबी भरून बुजवला जायचा. लांबी म्हणजे तो राखाडी लेप. तो वाळला की पॉलिश पेपरने घासायचा आणि वर रंग मारायचा. मग गाडीला काही झालंच नव्हतं असं मालकाला घरी जाऊन छातीठोकपणे सांगता यायचं. भाऊजी माझ्या ताईला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "काम काय करता?" भाऊजी म्हणाले, "झालेलं झालं नाही असं दाखवतो." वडिलांना वाटलं, वकील आहेत. लगेच होकार दिला.

गावात हौशी मासेमारांचा एक क्लब आहे. पोटासाठी मासे धरणारे वेगळे, ते या क्लबात नसतात. इथे डॉक्टर, बिल्डर, कारखानदार असे लोक येतात. एखादी बोट भाड्याने घेऊन ते खोल पाण्यात जातात. पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश गळाला लागला की त्याच्याशी तासभर झटापट करतात, फोटो काढतात आणि त्याला सोडून देतात. पूर्वी सोडत नसत. मासा धक्क्यावर आणून टांगायचे, मोजायचे. मग क्लबने नियम केला की मासा जिवंत सोडलाच पाहिजे. नियम चांगलाच आहे, मासे टिकायला हवेत याबद्दल कुणाचं दुमत नाही. फक्त त्याचा एक परिणाम आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. मासा धक्क्यावर येईनासा झाला तेव्हापासून तो वाढायला लागला. साडेपाच फुटांच्या पुढे सहसा न जाणारा मासा दोन वर्षांत सात फुटांवर पोचला. शास्त्रज्ञांचं तिकडे लक्ष कसं गेलं नाही, कोण जाणे.

पण सोडलेला मासा भिंतीवर टांगता येत नाही, हे दुखणं उरलंच. याच सुमारास क्लबचे सेक्रेटरी गाडीचा फुटका बंपर घेऊन भाऊजींकडे आले. भाऊजींनी फायबरचा नवा बंपर करून दिला. सेक्रेटरींनी त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "यातून मासा होईल?"

"सांगाल ते होईल," भाऊजी म्हणाले. "फक्त पोहणार नाही."

साच्यासाठी त्यांनी कोळ्यांच्या जाळ्यात मेलेला एक सेलफिश मिळवला. तो घरामागच्या शेडमध्ये दोन दिवस ओल्या पोत्याखाली पडून होता. ते दोन दिवस ताईने माझ्याकडे मुक्काम ठोकला. त्या एका माशावरून कापून, जोडून, ताणून भाऊजींनी सात मापांचे साचे केले. गावातल्या दवाखान्यांत, कचेऱ्यांत आणि दिवाणखान्यांत आज जे सेलफिश आहेत, ते सगळे तो एकच मासा आहे, वेगवेगळ्या वयातला. रंगाचं म्हणाल तर एका जुन्या गाडीचा निळा शिल्लक होता. तो फवारला, पोटाला चांदी दिली, काचेचे डोळे बसवले. लोक खूश. पुढे तो निळा संपला तेव्हा भाऊजींना तसाच्या तसा बनवून घ्यावा लागला, कारण सेलफिश असाच दिसतो हे तोपर्यंत गावात सर्वमान्य झालं होतं.

ऑर्डर घ्यायचं काम ताईकडे. फोनवर नाव आणि पत्ता उतरवून झाला की ती सरळ विचारायची, "सोडला तेव्हा केवढा होता, की आता केवढा आहे?" बहुतेक जण जरा थांबून आताचं माप सांगायचे. भाऊजींनी अकरा वर्षांत एकाही माणसाला उलटा प्रश्न केला नाही. मी त्यांना चिडवायचे, "भाऊजी, तुम्ही पूर्वी गाड्यांना लांबी भरायचात, आता माशांना भरता." ते म्हणायचे, "गाडीला जास्त लागायची."

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर तीन सेलफिश होते. खाली पेशंट तोंड उघडून पडलेला आणि वर तीन मासे तोंड उघडून, असं ते दृश्य. चौथ्या माशाच्या गोष्टी चालू असताना डॉक्टर शेडमध्ये आले, अर्धवट झालेल्या एका माशाकडे बघत म्हणाले, "पेंटर, तुमचं काम सुबक आहे. पण यात जीव नाही. जिवंत सेलफिश तुम्ही पाहिलाच नाही ना, त्याला तुम्ही तरी काय करणार."

हे भाऊजींना लागलं. दोन दिवस ते जेवणावरून अर्ध्यात उठले. ताई म्हणाली, "फायबरच्या माशात जीव कुठून यायचा? त्यांच्या कवळीत असतो का?" पण भाऊजींचं ठरलं होतं. पुढच्या फेरीला ते डॉक्टरांबरोबर गेले.

त्या सकाळचा पहिला तास भाऊजींना आठवत नाही. तो मला नंतर तांडेलने सांगितला. तांडेल म्हणजे बोट चालवणारा. मासा कुठे असेल ते त्याला कळतं, आमिष तो लावतो, दोऱ्या तो सोडतो, मासा लागला की बोट कशी वळवायची ते तोच बघतो. बाकीचं सगळं मासा पकडणारा करतो, म्हणजे खुर्चीत बसतो. तांडेल म्हणाला, "तुमचे भाऊजी कठड्याला असे धरून होते की मला वाटलं, कठडाच सोबत घेऊन जातील. पोटात काही उरलं नाही तरी थांबेनात."

दहाच्या सुमाराला रीळ किंचाळलं. डॉक्टर पट्टे बांधून खुर्चीत बसले. खुर्चीत स्वतः डॉक्टर आणि दुखतंयही त्यांनाच, असा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. बारा मिनिटांत त्यांचं मनगट गेलं. "पेंटर, दोन मिनिटं धरा, पाणी पितो," ते म्हणाले. भाऊजींनी तोंड पुसलं, खुर्चीत बसले आणि गळाची काठी हातात घेतली. डॉक्टरांचं पाणी पिऊन व्हायला पस्तीस मिनिटं लागली. मधे एकदा भाऊजींनी काठी परत द्यायला मान वळवली, तर डॉक्टर म्हणाले, "सोमवारी माझ्या तीन रूट कनाल आहेत. हात जपायला हवेत."

भाऊजी पत्रे ओढण्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ओढलं. तांडेल सांगेल तेव्हा ढील दिली, सांगेल तेव्हा गुंडाळलं. मासा दोनदा आख्खा पाण्याबाहेर आला आणि त्या पस्तीस मिनिटांत आपल्याला मळमळत होतं हे ते साफ विसरले.

मग तांडेलने हातमोजा घालून माशाची चोच धरली आणि त्याला पाण्यातच बोटीच्या कडेला आणलं. इथे आलं की भाऊजी नेहमी बोलायचे थांबतात. त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांत जे कळलं ते एवढंच, की मासा निळा नव्हता. तांब्यासारखा होता, वरून जांभळा उजेड फिरत होता. अंगावर फिकट आकाशी पट्टे उमटायचे, विझायचे, परत उमटायचे. आतून कुणीतरी दिवा लावतंय आणि घालवतंय तसे. शेपटीच्या वरच्या टोकाला एक जुनी खाच होती. भाऊजी वाकून बघत राहिले.

"पेंटर, जरा बाजूला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी काठी हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि आपला फोन भाऊजींच्या हातात दिला. फोटो भाऊजींनी काढला. तांडेलने बोटीच्या काठावर रंगवलेल्या खुणांशी मासा लावून माप सांगितलं, पाच फूट नऊ इंच. मग त्याला थोडा वेळ पाण्यातून सावकाश ओढत नेलं, त्याच्या कल्ल्यांत पाणी खेळू दिलं आणि सोडलं.

चार दिवसांनी डॉक्टर ऑर्डर द्यायला आले. मी तिथेच होते. ताईने वही उघडली. "सोडला तेव्हा केवढा होता, की आता केवढा आहे?"

"साडेसात फूट," डॉक्टर म्हणाले. भाऊजी समोरच बसून स्प्रे गनचं तोंड साफ करत होते. ते माणसात धरले गेले नव्हते.

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "लिही."

पण केलं भलतंच. एरवी चार दिवसांत होणाऱ्या कामाला त्यांनी तीन आठवडे लावले. साचा कापून बरोबर पाच फूट नऊ इंचांचा केला. शेपटीला खाच घातली. गाड्यांसाठी एक रंग येतो, समोरून एक दिसतो आणि बाजूने दुसरा. तो मागवून त्यांनी थरावर थर दिले, पुसले, पुन्हा दिले. ताई दोन वेळा शेडमध्ये जेवण ठेवून आली आणि दोन्ही वेळा तसंच परत घेऊन आली. शेवटी मासा उभा राहिला. त्याच्यासमोरून चालत गेलं की तो तांब्याचा व्हायचा, मग जांभळा, आणि पट्टे यायचे-जायचे. मी खोटं कशाला सांगू, चेष्टा करायला म्हणून गेले होते आणि गप्प उभी राहिले.

डॉक्टरही गप्प उभे राहिले, पण वेगळ्या कारणाने. "हा कुणाचा मासा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"माझा एवढासा? आणि हा रंग कसला? लोक म्हणतील, पेंटरने मनाचं काहीतरी केलंय. सेलफिश निळा असतो, पेंटर."

"तुम्ही होता तिथे," भाऊजी म्हणाले.

"होतो म्हणून तर सांगतोय."

भाऊजींनी वाद घातला नाही. सगळ्यात मोठा साचा काढला, चार दिवसांत साडेसात फुटी निळा सेलफिश करून दिला. तो आता दवाखान्यात आहे. तो कसा पकडला याची हकीकत डॉक्टर पेशंटचं तोंड भुलीने बधिर झालं की सांगतात, मधे कुणी बोलत नाही. तीत एक पेंटर येतो. तो पूर्ण वेळ ओकत असतो.

मी भाऊजींना विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी हाच माल विकतोय. एकदा माझ्या वाट्याला आला म्हणून बोंब मारू?"

खरा मासा ताईने पुढच्या खोलीत लावला. येणारे-जाणारे बघायचे आणि म्हणायचे, "हा बिघडलेला पीस आहे का?" ताई म्हणायची, "हो, बिघडलाय. आणखी चहा घेणार?"

महिन्या-दीड महिन्याने तांडेल घरी आला. त्याच्या बोटीचा फायबरचा कोपरा धक्क्याला आपटून फुटला होता. तो खुर्चीत टेकला, आणि चहाचा कप हातात तसाच धरून उठला. माशाजवळ गेला. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. "खाच आहे," तो म्हणाला. "रंग बरोबर आहे. हे असं आजपर्यंत कुणी केलेलं नाही."

भाऊजी लाजले. मी त्यांना लाजताना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"लांबी तेवढी जास्त झालीय," तांडेल म्हणाला.

"जास्त कशी होईल? पाच फूट नऊ. तुमच्याच काठावर मोजली."

तांडेलने चहाचा घोट घेतला. "काठावरचे इंच मी थोडे आखूड काढलेत, पेंटर. गिऱ्हाइकांना बरं वाटतं. आपण पाच-सव्वापाच धरायचं."

मग ताई म्हणाली, "अहो, मग कापा सहा इंच."

भाऊजींनी माशाच्या शेपटीवरून हात फिरवला. "राहू दे," ते म्हणाले. "एवढं मला चालेल."

कोपरा दुरुस्त झाला तेव्हा तांडेलने आम्हा तिघांना बोलावलं. बोट पाण्यात घालून बघायची होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं, गळही सोडायचे नव्हते. भाऊजी बंदराबाहेर पडल्या पडल्या कठड्याला लागले. ताईला काहीही झालं नाही. तिने डबा उघडून शांतपणे जेवण केलं आणि इंजिनात तेल किती जातं हे तांडेलला विचारून घेतलं. बऱ्याच आत एक लाकडी फळी तरंगत होती. तांडेलने इंजिन बंद केलं. फळीखाली बोथट डोक्याचे आठ-दहा मासे फिरत होते, हिरवे, सोनेरी, वळले की निळे.

भाऊजींनी खिशातून वही काढली. ती आता कायम त्यांच्या खिशात असते, आणि दर महिन्याला ते तांडेलबरोबर जातात, दर वेळी ओकतात. एका हाताने कठडा धरून त्यांनी माशांचे रंग लिहिले, पुन्हा वाकले, पुन्हा लिहिलं. ताई त्यांची कॉलर मागून धरून उभी राहिली.

"सावकाश लिहा," ती म्हणाली. "मी धरलंय."