दाजींनी मोजलेली वाट

न मोजता कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. दाजींची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. टेप घेऊन लोकांच्या उसाचं क्षेत्र मोजायचं आणि नोंद लावायची, हे काम. नोकरी सुटली तरी टेप काही खिशातून गेला नाही. माझ्या लग्नात त्यांनी आधी मांडवाची लांबी-रुंदी घेतली आणि मगच अक्षता हातात घेतल्या.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा भाचीनं त्यांना फोन घेऊन दिला आणि चाललेली वाट रेघेनं दाखवणारा नकाशा त्यात घालून दिला. दाजींनी पहिल्यांदा फोनचीच परीक्षा घेतली. घरच्या तुकड्याला टेपनं वेढा मोजला, मग फोन घेऊन तोच वेढा चालले आणि मला म्हणाले, "चार पावलांचा फरक येतोय. पण आमच्या साहेबापेक्षा बराय." तेव्हापासून ते निरांजनाचं ताट धरावं तसा फोन तळहातावर आडवा धरून बांधाबांधानं हिंडू लागले. लोकांचा जीव खालीवर. रानातून कुणी काही मोजत चाललं की आमच्याकडं पवनचक्कीवाले नाहीतर रस्त्याची मोजणी, तिसरं काही सुचत नाही. एका बाईनं तर त्यांना बांधावर बसवून चहा पाजला आणि हळूच विचारलं, "सायेब, खांब आमच्या रानात येतोय का शेजाऱ्याच्या?" घरी आल्यावर दाजी रेघ अक्काला दाखवत. एकदा रेघेचा मध्येच गुंता झालेला बघून ती म्हणाली, "हितं कुत्रं लागलं व्हय?" लागलं होतं.

पण हे सगळं कशासाठी चाललंय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. अक्काचं सासर ते आमचं गाव सडकेनं जायचं तर ढोकीला गाडी बदलून जावं लागायचं. सगळी सकाळ त्यातच जायची. अक्का मात्र नवी नवरी असल्यापासून सांगायची, ओढ्याच्या कडेनं वाट आहे, लहानपणी शेळ्या घेऊन मी त्या ओढ्यापर्यंत यायची, तासाभरात माहेरी पोचते. दाजी म्हणायचे, "आडरानातनं कुठं जातीस? लई लांब हाय." ते स्वतः त्या वाटेनं कधी गेले नव्हते. जन्मभर दुसऱ्यांची रानं मोजणाऱ्या माणसानं हे एवढं एकच अंतर न मोजता ठरवून टाकलं होतं. आई शेवटच्या घटका मोजत होती त्या दिवशीही निरोप गेल्यावर अक्का ओढ्याकडंच निघाली होती. दाजींनी तिला मागं फिरवून सडकेला नेलं आणि ढोकीची पुढची गाडी नेमकी चुकली. आई दुपारपर्यंत दाराकडं बघत होती. अक्का पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत येत होतो. त्यावर ती नवऱ्याला कधी एक शब्द बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. आता तिचे गुडघे गेलेत. उंबरा ओलांडायलाही काठी लागते.

यंदा संक्रांतीच्या आधी एका सकाळी दाजी चालत येऊन माझ्या अंगणात उभे. विजार गुडघ्यापर्यंत ओली, हाताला बोराटीचे ओरखडे. बायकोनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. फोन माझ्यापुढं धरला.

"साडेचार किलोमीटर. तास आन सात मिनिटं. त्यात ओढ्याला बूट काढाय थांबलो." मग म्हणाले, "तिला लाव."

मी अक्काला फोन लावून दिला.

"पोचलो गं," दाजी म्हणाले. "तासाभराचीच वाट हाय. तुजंच खरं हुतं."

पलीकडून अक्का म्हणाली, "म्या कवा लांब म्हणलं हुतं?" आणि मग, "आईच्या फोटोला हात जोडा. आन जेवल्याबिगर निघू नका."

दाजी फोटोपुढं इतका वेळ उभे राहिले की मला बघवेना. मी गोठ्याकडं निघून गेलो. जेवण झाल्यावर मोटारसायकलवर सोडतो म्हटलं, तर नको म्हणाले, चालतच गेले.

आता दर सोमवारी ते त्याच वाटेनं येतात. फोटोला हात जोडतात, जेवतात आणि चालत परत जातात. परवा मी म्हटलं, "दाजी, वाट तर मोजून झाली. आता कशाला पाय झिजवताय?"

बुटाची नाडी बांधता बांधता ते म्हणाले, "तिच्या वाटणीच्या खेपा राहिल्यात रे."

जाताना बायको अक्कासाठी धपाटी बांधून देते. तासाभरानं अक्काचा फोन येतो, "हे पोचले बरं का. धपाटी अजून कोमट हायत."