हिरवळीतले खड्डे

नोकरीतलं एखादं प्रकरण सांगा असं कुणी म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर आधी उभे राहतात ते एका बागेतले खड्डे. जेवणाचं ताट मावेल एवढे, वरची माती थोडी खचलेली. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. पण एका माणसाची नोकरी जाणार होती, आणि ती जायला माझा एक अहवाल पुरेसा होता.

आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. मी इथल्याच पोलिसांत भरती झालो आणि शेवटची वर्षं चेन्नईत इन्स्पेक्टर म्हणून काढली. आमच्या ठाण्याच्या हद्दीत एका राणीचा जुना महाल होता. महालाला कुलूप, पण भोवतालची बाग लोकांसाठी खुली. पामची रांग, दोन-चार प्रचंड वृक्ष आणि मधोमध मोठी हिरवळ. रोज सकाळी आसपासची माणसं तिथं फिरायला यायची. वास्तू संरक्षित असल्यामुळे आवारात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा.

कडक उन्हाळ्यात, इकडे ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत, बागेच्या उद्यान अधिकारी बाई अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. हिरवळीच्या कडेला खड्डे पडत होते. कुणीतरी खणतं, नंतर बुजवतं. फवाऱ्यांचं पाणी पडलं की माती खचते आणि खड्डा पुन्हा दिसतो.

"मुंगूस असेल, मॅडम," आमचा सबइन्स्पेक्टर म्हणाला.

"मुंगूस खड्डा बुजवून जात नाही," बाई म्हणाल्या.

मी अर्जाची नोंद करून घेतली, पण गुन्हा दाखल केला नाही. जिथं काय चोरीला गेलं हे फिर्यादीलाच ठाऊक नसतं, तिथं घाई करू नये, असं माझे एक वरिष्ठ सांगत.

दोनच दिवसांत खबर आली. बागेच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तो टपरीवाला आम्हाला अधूनमधून माहिती द्यायचा. त्यानं सांगितलं, "सार, तिथल्या माळ्याला राणीच्या काळचं सोनं सापडलंय. दुपारी पोत्यात घालून पंपघराकडे नेतो. मी पाहिलंय. पोतं खांद्यावर नाही टाकत, दोन्ही हातांवर धरतो. तान्हं मूल धरावं तसं."

टपरीवरच्या बातमीत निम्मं तिखट-मीठ असतं हे मला ठाऊक होतं. पण ते 'दोन्ही हातांवर' मात्र मनात राहिलं. अशी गोष्ट कुणी कल्पनेनं रचत नाही.

माळ्याला बोलावून घेतलं. चाळिशीचा, हडकुळा, कपाळाला विभूती लावलेला माणूस. बरीच वर्षं कंत्राटावर काढल्यावर पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता. चौकशी चालू आहे एवढी कुणकुण वर लागली असती, तरी ते राहून गेलं असतं. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"खड्डे कुणी केले?" मी विचारलं.

"माहीत नाही, सार."

"बुजवले कुणी?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"पोत्यात काय नेत होतास?"

"कचरा, सार."

सबइन्स्पेक्टर हसला. "कचऱ्याला एवढं जपतोस? मग बायको तर पालखीतून फिरत असेल."

माळी हसला नाही, चिडलाही नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो, हा अनुभव. हा तर कमीच बोलत होता. मी त्याला कॉफी मागवली. ती त्यानं हातात धरून ठेवली, प्यायला नाही. त्याची नजर सारखी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे जात होती. पळून जायचा विचार असलेला माणूस दाराकडे बघतो. हा उन्हाकडे का बघतोय, ते मला उमगेना.

दुपार चढली तसा त्याचा धीर सुटला.

"सार, एक विनंती आहे. मला हवं तर इथंच ठेवा. पण कुणाला तरी सांगून पंपघरामागं दोन बादल्या पाणी घालायला लावा."

"कशाला?"

"नाहीतर संध्याकाळपर्यंत मरतील, सार."

सबइन्स्पेक्टर ताडकन उठला. कोण मरणार, या प्रश्नानं त्याचा चेहरा बदलला होता. मी त्याला थांबवलं, माळ्याला जीपमध्ये बसवलं आणि बागेत गेलो.

पंपघराच्या मागं, भिंतीच्या सावलीत रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले होते. त्यांत तुळस, अबोली, कर्पूरवल्ली म्हणजे आपला पानओवा, कढीपत्त्याचं रोप. माना टाकलेली, पण जिवंत. माळ्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही, आधी बादली भरली.

पाणी घालून झाल्यावर तो आपण होऊन बोलला. तो कामावर येण्याआधीच हिरवळीच्या कडेला कुणीतरी रोपं लावून जात होतं. कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. आराखड्यात नसलेलं काही दिसलं की उपटायचं, असा हुकूम होता. "दुसरं काही असतं तर उपटून फेकलं असतं, सार. पण पहिलं रोप तुळशीचं निघालं. तुळस कशी फेकू? ती ठेवली, मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? मुळाची माती सुटू नये म्हणून हातांवर आणली आणि खड्डे बुजवले." सरकारी जागेत परस्पर झाडं ठेवली हे कळलं तर कायम होणं विसरावं लागेल, म्हणून तो गप्प राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या वेशात, गळ्याला मफलर गुंडाळलेल्या फिरणाऱ्यांच्या घोळक्यात सामील झालो. चेन्नईत भर उन्हाळ्यातही पहाटेच्या वाऱ्याला घाबरणारी माणसं आहेत. पामच्या रांगेपाशी सत्तरीच्या एक बाई खाली बसल्या होत्या. पायांत बूट, अंगावर सुती साडी, शेजारी पिवळी कापडी पिशवी. डोशाच्या उलथन्यानं त्या जमीन खणत होत्या.

मी जवळ जाऊन ओळख सांगितली. त्यांनी वर पाहिलं आणि पिशवीतलं रोप माझ्या हातात दिलं.

"पोलीस ना? बरं झालं. हे धरा, तंबी. मी तुमच्याकडे येणारच होते."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. रोप सांभाळत मी विचारलं, "कशासाठी, अम्मा?"

"तक्रार द्यायला. मी इथं झाड लावते आणि कुणीतरी चोरून नेतं. एक नाही, सगळी. तुळससुद्धा सोडली नाही मेल्यानं. तुम्ही लोक करता तरी काय?"

त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मैलापूरचं त्यांचं जुनं घर बिल्डरला दिलं होतं आणि मुलगा-सुनेबरोबर त्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या. बाल्कनीत एसीचं यंत्र. त्याच्या गरम वाऱ्यानं झाडं एकेक करून होरपळत होती. "सून म्हणते, प्लास्टिकची आणू. पोर चांगली आहे, पण प्लास्टिकला पाणी घालून मला काय मिळणार?" म्हणून इतकी माती रिकामी पडलेली पाहून त्यांनी ही जागा निवडली.

मी त्यांना पंपघरामागं नेलं आणि माळ्याला त्या कोण ते सांगितलं. डबे बघत त्या एकेका रोपापाशी वाकल्या. मग माळ्याकडे वळून म्हणाल्या, "चोर तो तू होय? कढीपत्त्याला ताक घाल. पिवळा पडलाय."

"घालतो, टीचरम्मा," माळी म्हणाला.

उद्यान अधिकारी बाई ऐकायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं चूकही नव्हतं. जुन्या बागेत काय असावं हे ठरलेलं असतं. आज तुळस, उद्या कुणी पपई लावेल, मग जुनी बाग कुठली राहिली? मी म्हटलं, चोरी नाही, खजिना नाही, खणलं ते डोशाच्या उलथन्यानं. अहवालात एवढंच लिहीन. माळ्याबद्दल काय लिहायचं, ते तुम्ही सांगा. त्या आराखडा उघडून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "हिरवळीत पुन्हा खणायचं नाही. पंपघर माझ्या आराखड्यात नाही. त्याच्या मागं काय आहे, ते मला कसं दिसणार?"

अर्ज समज देऊन निकाली काढला. पुढच्या महिन्यात माळी कायम झाला.

त्या दिवशी घरी जेवताना पत्नीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मुद्देमाल म्हणून उलथनं जप्त केलंत की नाही?" पुढं कित्येक दिवस डोसे करताना ती उलथनं माझ्यासमोर धरायची आणि विचारायची, "साहेब, परवाना लागेल का?"

ठाण्यात आम्हाला शिकवलं होतं की गप्प बसणारा काहीतरी लपवतो. ते खरंच आहे. पण लपवलेली गोष्ट वाईटच असेल असं त्यात कुठं म्हटलेलं नव्हतं. ते मला त्या माळ्यानं शिकवलं. त्यानंतर चौकशीला बसलेला माणूस कशाकडे बघतोय, याकडे मी जास्त लक्ष देऊ लागलो.

गेल्या वर्षी पत्नी गेली. सरकारी क्वार्टर सुटल्यावर घेतलेलं घर आवरून मी मुलीच्या फ्लॅटवर राहायला आलो. पुस्तकं मावली. पत्नीची तुळस आणि अबोली मात्र बाल्कनीत सुकायला लागली. तिथंही एसीचं यंत्र आहेच. एका सकाळी दोन्ही रोपं कापडी पिशवीत घालून मी महालाच्या बागेत गेलो. माळ्याचे केस पांढरे झालेत. त्यानं मला ओळखलं आणि पिशवीकडे पाहिलं.

"किती आहेत, सार?"

"दोन."

"या."

पंपघरामागं आता डब्यांच्या तीन रांगा आहेत आणि कढीपत्त्याचं चांगलं झाड झालंय. शिक्षिकाबाई मुलाबरोबर परगावी गेल्या, असं त्यानं सांगितलं. त्यांचं उलथनं भिंतीच्या खिळ्याला लटकत होतं. माळ्यानं ते काढून माझ्या हातात दिलं आणि स्वतः बादली भरायला गेला.