बरणीतली गाठ

देवीवर रागावलेल्या बाईने अनुभव लिहावा का, ठाऊक नाही. मी तर चांगली कडाकडा भांडले होते तिच्याशी. दर वसंत पंचमीला बासरच्या सरस्वतीचं दर्शन कधी चुकवलं नाही, उटनूरच्या शाळेत वीस वर्षं पोरं शिकवली, आणि मिळालं काय, तर मांडीत गाठ! सासूबाई म्हणाल्या, "देवीचं काही राह्यलं असंल." माझ्या अंगाची आग आग झाली. काय राहिलं होतं? एक उपास तरी मोडला होता का मी?

गावातल्या खासगी डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली नि हसले. "चरबीची आहे, मॅडम. लिंबाएवढी." तासाभरात काढलीही. मी विचारलं, तपासायला पाठवता ना? तर म्हणाले, "तुम्ही शाळा सांभाळा, दवाखाना आम्ही सांभाळतो." आणि मी, जी वर्गात कोणाचं ऐकून घेत नाही, ती गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा आजही संताप येतो.

टाके काढायच्या दिवशी तिथल्या आयाबाईंनी, शांताबाईंनी, मला मागच्या पडवीत नेलं. पदराखालून लोणच्याची बरणी काढली. आत माझी गाठ! मी ओरडलेच, "अगं बाई, हे काय!"

"साहेब म्हणले, फेकून दे," त्या हळूच म्हणाल्या. "बाळंतिणीची वार आपुन पुरतो ना? मंग हे काऊन फेकाचं? तुमच्याच अंगातलं हाय. कंपाउंडरले सांगून औषधात ठेवली, नासली नाई. घरी नेऊन पुरा, बाई."

बरणी उजेडात धरली. कसलं लिंबू नि काय! नारळाच्या वाटीएवढा गोळा होता. डोकंच फिरलं माझं. शांताबाईंची नोकरी जाईल म्हणून जीभ आवरली, नाहीतर त्या दिवशी डॉक्टरांची काही खैर नव्हती. घरी यजमान म्हणाले, "पुरून टाक, कशाला उकरत बसतेस?" मी म्हटलं, पुरायचं ते पुरू, आधी हे आहे काय ते तर कळू द्या. आमच्या राज्याची राजधानी हैदराबाद, पण उटनूरहून आम्हाला नागपूरच जवळचं. दुसऱ्या दिवशी बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

आठवड्याने तिथल्या तपासणीचा कागद आला. लायपोसार्कोमा. चरबीच्या पेशींचा कॅन्सर, क्वचित कोणाला होणारा. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांडीत अजून शिल्लक असणार. ही गाठ फेकली असती, तर पुन्हा वाढेपर्यंत कोणाला कळलं नसतं." पुन्हा ऑपरेशन झालं, मांडीचा मोठा भाग गेला, मग कित्येक आठवडे किरणांचे शेक घेतले. पाय वाचला, मीही वाचले. लंगडते थोडी.

नागपूरच्या दवाखान्यात खाटेवर पडून मी देवीला खूप बोलले. गावातल्या त्या डॉक्टरांनाच बुद्धी द्यायला तुझं काय जात होतं?  पण एक दिवस रडताना बरणी पुढे करणारे शांताबाईंचे खरखरीत हात आठवले आणि मी डोळे पुसले. आठ दिवस त्या बाईंनी ती बरणी लपवून सांभाळली होती, मी मागितलेली नसताना. चमत्कार म्हणा, म्हणू नका, मला वाद घालायचा नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

देवावर सोपवणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असंच मला शिकवलं होतं. आता तसं वाटत नाही. जगणं-मरणं देवीच्या हाती दिलं, ते मनापासून दिलं. विचारायचं काम मात्र माझं आहे. मागच्या महिन्यात शेजारीण मानेवरची गाठ काढून आली. "साधीच होती म्हणे," ती सांगत होती. मी चप्पल घातली, तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गाठ तपासायला पाठवली का?" डॉक्टर चिडले. मी सरस्वतीचं नाव घेतलं आणि पुन्हा, आणखी मोठ्याने विचारलं.