साहेबांच्या सीटमधला फोम

ट्रकच्या कारखान्यात सीटा शिवणारी ती बाई मनात धरलेली गोष्ट सोडत नसे. तिचा नवरा तिथलाच चाचणी-ड्रायव्हर. अंगानं ताडमाड, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणत. कारखान्यामागं मुद्दाम खणलेल्या खड्ड्यांतून नवी गाडी पळवायची, हे त्याचं काम. केबिनच्या छताला आडवी लोखंडी पट्टी होती. खड्डा आला की बांबूचं डोकं तिच्यावर आपटे. अशी वर्षं गेली. मग तो किल्ली हातात धरून किल्ली शोधू लागला, आणि एक दिवस स्वतःच्याच गल्लीत घराची वाट विचारू लागला. डॉक्टर म्हणाले, हे एका माराचं काम नव्हे. बारीकसारीक मार आत साचत गेले.

बांबूच्या डोक्याला टेंगळं येऊ लागली, तेव्हाच ती पट्टी काढा म्हणून सांगायला तपासणीच्या साहेबांकडं गेली होती. गाडी पास करण्याआधी साहेबांनी स्वतः एक फेरी मारायची, असा तिथला शिरस्ता. पण साहेब बुटके. त्यांचं डोकं पट्टीच्या वीतभर खालीच राही.

"बाई, टेंगळानं कुणी मरत नाही," ते हसून म्हणाले होते.

ते वाक्य तिनं मनात जपून ठेवलं.

पुढं नव्या गाडीची तपासणी निघाली, तेव्हा ड्रायव्हरची सीट तिच्याच मशीनवर आली. तिनं आत फोमचा एक थर जास्तीचा घातला, मग आणखी एक. वर रेक्झिन असं ताणून शिवलं की एक सुरकुती दिसू नये. शिवताना ती गुणगुणत होती.

साहेब ऐटीत चढले. आज सीट झकास झालीय म्हणाले. पहिल्याच खड्ड्याला आतून ठण्ण आवाज आला. मग दुसरा, तिसरा. सगळा कारखाना बघत असल्यामुळं साहेबांना मध्येच थांबवेना.

उतरले ते डोकं दाबूनच. पाणी मागायचं होतं, पण शब्दच सापडेना. बाई पेला घेऊन पुढं झाली.

"टेंगूळच आहे, साहेब. त्यानं कुणी मरत नाही. आणखी एक फेरी मारता?"

साहेबांनी सीटकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना काय ते उमगलं. पट्टी कापून काढायचा हुकूम त्याच दिवशी निघाला. बाईलाही त्याच दिवशी कामावरून काढलं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं, पातेल्यावर पळी आपटून ठण्ण आवाजही काढून दाखवला. तो पोट धरून हसला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "आज कामावर काय झालं गं?"

तिनं पुन्हा पळी उचलली. दुसऱ्या दिवशीही उचलली. तिचा सूड काही शिळा होईना.