डीकनला रस्ता ओलांडायची बंदी

व्हर्ना स्टकीनं घर घेताना कुत्र्याचा विचार आधी केला आणि छपराचा नंतर. नवरा गेल्यावर तिला शेतावरचं मोठं घर झेपेना. उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्यानं गेलेली, गुडघे कुरकुरायला लागले होते. सोबतीला डीकन, रुंद जबड्याचा करडा पिटबुल. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी. "माझा नवरा चर्चमध्ये बसून घोरायचा. त्याच्यापेक्षा हा बरा, म्हणून हे नाव," असं ती सांगायची.

आमच्या मिझुरी राज्यात कुत्र्यांचे कायदे गावागणिक बदलतात. एल्डनमध्ये बिनदिक्कत पाळता येणारा पिटबुल शेजारच्या कार्व्हरमध्ये धोकादायक जातीचा म्हणून गुन्हेगार ठरतो, आणि दोन गावांच्या मध्ये ना नदी ना डोंगर, नुसती आमची हॉवेल स्ट्रीट. व्हर्नाला कायदे माहीत होते. तिनं एल्डनच्या नगरपालिकेला फोन करून विचारलंसुद्धा, की पिटबुल चालतो का. चालतो, म्हणाले. घराच्या पत्त्यात एल्डन होतं. मग आणखी काय बघायचं?

इथंच ती फसली. आमच्या रस्त्याचं टपाल एल्डनहून वाटलं जातं, म्हणून दोन्ही बाजूंच्या पत्त्यात एल्डन येतं. पण पूर्वेकडची घरं कार्व्हरची. कर कार्व्हरला, रस्त्यावरचं बर्फ काढायला गाडी कार्व्हरची आणि कुत्र्याला कायदाही कार्व्हरचा. व्हर्नाचं घर पूर्वेला, माझ्या शेजारी.

ती राहायला आली त्याच आठवड्यात कार्व्हरच्या प्राणी खात्याचा माणूस दारात उभा. मी अंगणात पानं गोळा करत होतो.

"बाई, कुत्रा कुठल्या जातीचा?"

"तुम्हाला कुठला दिसतो?"

"मला काय दिसतं ते सोडा. तुम्ही लॅब्रेडॉरची भेसळ म्हणालात, तर मी तसं लिहून निघतो."

बिचारा वाट दाखवत होता. कार्व्हरमधले निम्मे पिटबुल लॅब्रेडॉर म्हणूनच जगतात. पण व्हर्ना भडकली.

"त्याचा बाप पिटबुल, आई पिटबुल. मी त्याला दुसऱ्या बापाचं नाव कशाला लावू?"

तो खाली बघत म्हणाला, की महिनाअखेर कुत्रा गावाबाहेर गेला नाही तर उचलावा लागेल. उचललेला कुत्रा परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या बाईच्या अकडूपणाचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

समोर, एल्डनच्या बाजूला, मर्ल हॉफस्टेटर राहायचा. जन्मभर लोकांची छपरं शाकारून आता निवृत्त, एकटा आणि तोंडाचा फटकळ. तो संध्याकाळी रस्ता ओलांडून आला.

"ऐकलं मी. घर विकणार?"

"आत्ताच तर घेतलंय. जाऊ कुठं?"

"मग कुत्रा माझ्याकडे ठेव. मला आवडतो वगैरे समजू नकोस."

"तुला काय आवडतं ते कुणी विचारलंय?"

असा डीकन एल्डनचा रहिवासी झाला. व्हर्ना रोज सकाळी मर्लच्या ओसरीवर जाऊन बसायची, कधी मटणाचा उरलेला तुकडा घेऊन, कधी मका भाजून. डीकनला मात्र घटकाभरही इकडे आणता येत नव्हतं. प्राणी खात्याची गाडी फिरत असायची. पहिल्या हिवाळ्यात व्हर्ना परत निघाली की डीकन जाळीच्या दारावर पंजे मारायचा आणि ती मागे न बघता चालत राहायची. घरी येऊन ढसाढसा रडते, असं तिनंच मला एकदा सांगितलं. पुढे पुढे पंजे मारणं थांबलं. शहाणा झाला, म्हणाली.

काही वर्षांनी कार्व्हरनं बंदी उठवली. का उठवली ते विचारू नका. का लावली होती तेही कुणाला धड सांगता येत नव्हतं. व्हर्नानं नवी गादी आणली, खिडकीखाली अंथरली. मर्ल स्वतः डीकनला घेऊन आला, हातात त्याचं खायचं भांडं.

"घे. केस फार गळतात याचे," म्हणाला आणि बसायला सांगितलं तरी बसला नाही.

डीकननं शेपटी हलवली, घरभर हुंगून आला, दिलेलं खाल्लं. मग खिडकीशी जाऊन बसला आणि मर्लच्या ओसरीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. व्हर्नानं गादीवर बसून हाका मारल्या, बेकन तळून पुढे धरलं. तो यायचा, खायचा आणि पुन्हा खिडकी गाठायचा. चौथ्या दिवशी तिनं त्याला पट्टा बांधला आणि रस्ता ओलांडला.

मर्लनं दार उघडलं. "कायदा परत फिरला की काय?"

"नाही. आता तो कुठंही राहू शकतो."

तिनं पट्टा सोडला. डीकन मर्लच्या पायांना अंग घासत आत गेला आणि मागे वळला नाही. मर्ल दारातच घुटमळला.

"बस ना. कॉफी टाकतो."

"आज नको. बंदी होती तोवर तो माझाच आहे असं म्हणता येत होतं रे, मर्ल," ती म्हणाली आणि घरी निघून आली.